म्हाताऱ्या घोडीची सुटका: कागद, डॉक्टर आणि खड्डा

दोंडाईच्याजवळ आमचा वरातीच्या घोड्यांचा धंदा आहे. आमची नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी चांदणी गेल्या उन्हाळ्यात आम्ही डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन सोडवली, म्हणजे हाल न होता मरण दिलं. तेव्हापासून ओळखीचे घोडेवाले फोन करून विचारतात: हे कायद्यात बसतं का, कोण करतं, नंतर काय करायचं? म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

तिच्या पुढच्या दोन्ही खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज, होता. पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागे घेऊन उभी राहायची. खुरावर हात ठेवला की तापलेला लागायचा. नालबंदाने खुराचं टोक घासून दिलं, औषधं झाली, खाली वाळू पसरली. थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा बसायची. शेवटी बाहेरगावचे एक खाजगी डॉक्टर एक्स-रेचं छोटं मशीन घेऊन आले. खुराच्या आतलं हाड फिरून तळव्याकडे आलं होतं. पडून पडून कमरेच्या हाडांवर जखमा झाल्या होत्या आणि तिथल्या माशांपर्यंत तिची शेपटी पोचत नव्हती.

अशी खबर दलालाला कोण देतं, देव जाणे. दुसऱ्याच दिवशी हजर. "भाऊ, इकी टाका तिले. आते बांधीसन काय फायदा?" आठ हजार द्यायला तयार होता. नेणार कुठे विचारलं तर म्हणे वीटभट्टीवर, हलकं काम आहे. जी घोडी ठाणातून पाण्याच्या हौदापर्यंत जात नाही, ती विटा काय ओढणार? दादा मात्र आठ हजारांपाशी घुटमळत होता. त्याला दोष देत नाही. लग्नसराई संपली होती आणि चाऱ्याची उधारी डोक्यावर होती.

आपल्याकडे घोडा खाण्यासाठी कापत नाहीत. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत मांसाच्या जनावरांची जी यादी आहे, तीत घोडा नाही. त्यामुळे आपण समजतो की घोड्याचं भलंच आहे. पण म्हातारा घोडा जातो कुठे? 1960 च्या प्राण्यांच्या छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आजारी जनावर कामाला जुंपणं गुन्हा आहे, उपाशी मरेल असं सोडून देणंही गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. आकडा बरोबर वाचलात. तेवढ्यात तिचा एक दिवसाचा चाराही येत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत लाखांच्या घोड्याभोवती मोबाईलवाल्यांची गर्दी असते. बाजाराच्या कडेला बरगड्या मोजता येतील असं जनावर उभं असतं, त्याचा फोटो कोणी काढत नाही.

दादा डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, कत्तलखाना असता तर निदान झटपट सुटली असती." डॉक्टरांनी अमेरिकेचं सांगितलं. तिथले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले. त्याआधी तिथल्या मांस-तपासणीचा सरकारी पैसा थांबवला होता. मग 2011 मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने अहवाल दिला: कत्तलीसाठी जाणारे घोडे कमी झालेच नाहीत, ते कॅनडा आणि मेक्सिकोला जाऊ लागले. 2010 मध्ये असे सुमारे 1 लाख 38 हजार घोडे सीमेपार गेले. म्हणजे मरण टळलं नाही, त्याच्या आधीचा ट्रकचा प्रवास तेवढा वाढला. आणि कत्तलखाने चालू होते तेव्हाही आजारी घोडे ट्रकमध्ये कोंबूनच नेत, असंही डॉक्टर म्हणाले. दादा गप्प झाला. माझं मत तेव्हाच पक्कं झालं: बंदी असो वा नसो, घोडा जिथे उभा आहे तिथेच त्याला सोडवणारा माणूस तालुक्यात मिळतो का, हा खरा प्रश्न.

तो सहज मिळत नाही. जवळच्या दवाखान्यात लागणारं औषध नव्हतं. "आम्ही गायी-म्हशींचं बघतो" असं उत्तर मिळालं. पोलीस पाटलांना वाटलं, घोडी मारली तर केस होते. त्यांचं अगदी चूक नव्हतं. आपल्या मनाने जनावर मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणून कागद आधी. घोडी बरी होणार नाही आणि जगवणं म्हणजे हाल, असा डॉक्टरांचा सहीशिक्क्याचा दाखला, एक्स-रेची प्रत आणि आप्पांचं लेखी संमतीपत्र, कारण घोडी त्यांच्या नावावर होती. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत, दोघांना एकेक प्रत दिली.

खड्डा आदल्या दिवशी जेसीबीने आमच्याच बांधाजवळ खणून घेतला, विहिरीपासून लांब. घोडीला सकाळच्या गारव्यात वेदना कमी करणारं इंजेक्शन देऊन चालवत काठापर्यंत नेलं. हे लक्षात ठेवा: पडल्यावर एवढं धूड दोरीने ओढायची वेळ येऊ देऊ नका. आप्पांनी गूळ भरवला. डॉक्टरांनी मानेच्या शिरेत सुई बसवली. आधी गुंगीचं औषध, मान खाली गेली; मग भुलीचा मोठा डोस. गुडघे वाकले आणि ती एका बाजूला आडवी झाली. त्यांनी डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून पाहिलं, पापणी हलली नाही. तरी हृदय पूर्ण थांबेपर्यंत स्टेथोस्कोप काढला नाही.

ते औषध मांसात राहतं. कुत्र्याने किंवा गिधाडाने खाल्लं तर तेही मरू शकतं, म्हणून उघड्यावर टाकणं अजिबात नाही. वर चुना, मीठ आणि भरपूर माती.

डॉक्टर, औषध आणि जेसीबी मिळून खर्च दलालाच्या आठ हजारांहून जास्त झाला. दादाने निम्मा दिला, न मागता. मोठ्या जनावरांना पुरायला गावठाणाबाहेर जागा ठरवून द्या, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिलाय. सगळ्यांनाच काही बांधाला जमीन नसते. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.