आमची वाटचाल : बदाम आम्ही विकत नाही

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणतोय, फर्मला यंदा बारा वर्षं झाली, आता तरी लिहावं. इकडे कॅलिफोर्नियात मोडेस्टोला कुणाच्या घरी गणपतीला गेलो की हमखास विचारतात, तुमचं बदामाचं काहीतरी आहे ना, मग आम्हाला होलसेलमध्ये मिळतील का. नाही हो मिळणार. आम्ही बदाम पिकवत नाही, विकत नाही, भाजतही नाही. जे भाजतात किंवा वाफवतात त्यांच्या मशिनमधून साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, खरंच मरतोय का, एवढंच आम्ही तपासून देतो. आणि गंमत म्हणजे तसं लिहून द्यायचा अधिकार आम्हाला आहे की नाही हे आधी भलतेच लोक ठरवतात. त्या ठरवण्यातच आमचं पहिलं वर्ष गेलं, म्हणून मुख्य तेच सांगतो.

मूळचा मी तासगावचा. घरी बेदाण्याचं शेड, त्यामुळे सुकवलेला माल, त्यातली धूळ, सौद्याच्या दिवशीची गडबड हे सगळं लहानपणापासून नाकाडोळ्यात गेलेलं. वडिलांचं ठरलेलं वाक्य, कोरड्या मालाला भ्या नाही. पाणी लागलं की बुरशी, कोरडं ठेवलं की वर्षभर बघायला नको. पुढे मी माटुंग्याला यूडीसीटीत फूड इंजिनिअरिंग केलं, बायको मायक्रोबायोलॉजीची, दोघं इकडे आलो आणि मी टोमॅटोच्या कॅनरीत लागलो. तिथे पंधरा वर्षं डबाबंद मालाचं टेंपरेचर आणि टाइम हेच काम. प्रोसेस ऑथॉरिटी हा शब्द पहिल्यांदा तिथेच ऐकला, म्हणजे असा जाणकार माणूस की ज्याने अमुक डबा अमुक वेळ तापवला तर सुरक्षित आहे असं सही करून सांगितलं की फॅक्टरी त्याप्रमाणे चालते. बदामवाल्यांनी हा शब्द नंतर उचलला.

बदामवाल्यांना तो का लागला ते सांगतो. 2000-01 च्या हिवाळ्यात कॅनडात लोक साल्मोनेलाने आजारी पडायला लागले, अमेरिकेतले काही धरून 168 केसेस, आणि माग काढता काढता गाडी कॅलिफोर्नियाच्या कच्च्या बदामापाशी येऊन थांबली. तोवर इकडेही सगळ्यांचं वडिलांसारखंच मत होतं की कोरड्या मालात जंतू कुठला. बरं, बदाम काढतात कसा ते बघितलंत तर नवल वाटणार नाही, मशिन झाडाचं खोड धरून गदागदा हलवतं, बदाम खाली मातीत पडतो, तिथेच काही दिवस उन्हात वाळतो, मग झाडून ओळी करून उचलतात. ऑगस्ट-सप्टेंबरला हायवेवरून जाताना शेतांवर धुळीचे ढग दिसतात ते त्याचेच. त्या कॅनडावाल्या प्रकरणातल्या बागेत तोच जंतू पुढे पाच वर्षं पुन्हापुन्हा सापडत राहिला. मग 2004 मध्ये परत तसंच झालं, आणि त्या वेळी साधारण 1 कोटी 30 लाख पौंड बदाम बाजारातून परत मागवावा लागला. त्यानंतर मात्र कुणी कोरडं-ओलं म्हणत बसलं नाही. 1 सप्टेंबर 2007 पासून नियमच झाला, कॅलिफोर्नियाचा बदाम अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत जायचा असेल तर त्यावर प्रक्रिया हवी, आणि त्या प्रक्रियेने साल्मोनेला निदान 4 लॉग कमी व्हायला हवा.

लॉग म्हणजे एक एक शून्य उडवणं. दहा हजार जंतू होते, एक उरला, चार शून्यं गेली, 4 लॉग. पाकिटावर पाश्चराइज्ड असं छापायचं असेल तर 5.

आता नियमातली खुबी बघा. मशिनची कंपनी म्हणते आमचं मशिन 5 लॉग देतं, तर ते चालत नाही. प्रत्येक मशिन, जिथे बसवलंय तिथेच, वापरात आणायच्या आधी, मान्यता असलेल्या प्रोसेस ऑथॉरिटीने तपासून त्याचा डेटा आल्मंड बोर्डाकडे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बदामवाल्यांच्या मंडळाकडे पाठवायचा. बोर्डाचं तज्ज्ञांचं एक पॅनल आहे, इकडे सगळे त्याला टर्प म्हणतात, ते हे सगळं बघतात. आणि प्रोसेस ऑथॉरिटी कुणी व्हायचं तर त्यालाही अर्ज करून बोर्डाची मान्यता घ्यावी लागते. मान्यता काढूनही घेता येते, कारण लेखी देऊन, मग तुम्ही बोर्डाकडे अपील करा, शेवटी यूएसडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याकडे जा. मला सुरुवातीला हे जरा जास्तच वाटलं होतं, म्हणजे मशिन तपासणाऱ्याला तपासणारे. पण विचार करा ना, आमचं बिल कोण भरतो? ज्याचं मशिन पास व्हायचंय तोच. मग आमच्यावर कुणाची तरी नजर नको का.

2012 ला कॅनरीतली नोकरी सोडली, एका छोट्या लॅबमध्ये बेंच भाड्याने घेतलं आणि अर्ज तयार केला. डिग्र्या, पंधरा वर्षांचा अनुभव, आणि नमुना म्हणून एक ट्रायल केलेली, एका ओळखीच्या हँडलरच्या, म्हणजे बदाम प्रक्रिया करून बाजारात पाठवणाऱ्याच्या वाफेच्या लाइनवर. त्या ट्रायलचा आकडा आला 7 लॉगच्या वर! आम्ही दोघं खूष, हँडलर तर इतका खूष की त्याने दोन पोती बदाम घरी पाठवले. अर्ज धाडला.

काही आठवड्यांनी प्रश्न आला, एकच. जंतू लावायच्या आधी बदामाची वॉटर ॲक्टिव्हिटी किती होती आणि लावून वाळवल्यावर किती झाली?

वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणजे मालातलं किती पाणी जंतूच्या उपयोगी पडेल त्याचं माप. आम्ही ते मोजलंच नव्हतं.

हे जरा नीट सांगायला पाहिजे कारण सगळा खेळ इथे आहे. फॅक्टरीत खरा साल्मोनेला कुणी नेऊ देत नाही, नेऊही नये. त्याच्या जागी एक निरुपद्रवी बदली जंतू वापरतात, एंटरोकॉकस फेशियम, त्यातलाही एक ठरलेला स्ट्रेन म्हणजे पोटप्रकार, एनआरआरएल बी-2354, जो उष्णतेला साल्मोनेलापेक्षा जरा चिवटच आहे, म्हणजे हा मेला तर तो मेलाच असं धरता येतं. तो लॅबमध्ये वाढवायचा, पाण्यात घोळवून बदामाला लावायचा, आणि मग बदाम वाळवून परत पहिल्याइतका कोरडा करायचा. या शेवटच्या पायरीला आम्ही घाई केली. रात्रभर पसरून ठेवले, सकाळी हाताला कोरडे लागले, म्हटलं झालं. पण सालीत ओल राहिलेली. आणि ओला जंतू वाफेत पटकन मरतो, कोरडा झालेला जंतू तेवढ्याच टेंपरेचरला ठाण मांडून बसतो. पंधरा वर्षं मी टोमॅटोत, म्हणजे सगळं ओलंच, त्यामुळे माझ्या डोक्यात हे आलंच नाही, आणि बायकोने दोनदा विचारलं होतं की अजून एक दिवस थांबूया का, तर मीच म्हटलं होतं लाइन उद्याचीच मिळालीय. हे तिने परवानगी दिली म्हणून लिहितोय.

वडिलांचं वाक्य बरोबर होतं पण अर्धंच. कोरड्यात जंतू वाढत नाही हे खरं, पण लवकर मरतही नाही, उलट कोरडा होऊन तापवण्याला टणक होतो.

ट्रायल परत केली, आमच्या खर्चाने, बदाम नीट वाळवून, आधी-नंतरची वॉटर ॲक्टिव्हिटी जुळल्यावरच लाइनवर नेले. त्याच मशिनवर, त्याच वेळेला, त्याच वाफेला आकडा आला 3.6. चारसुद्धा नाही! म्हणजे आमचा पहिला कागद कुणी तसाच मान्य केला असता तर तो माणूस नापास मशिनमधून माल काढून पास म्हणून विकत बसला असता, आणि खाली सही आमची. त्याला जाऊन सांगितलं. चिडला, साहजिक आहे, पट्ट्याचा वेग कमी करायचा म्हणजे तासाला निघणारा माल कमी. पण केला. वेग उतरवून पुन्हा तीन ट्रायल घेतल्या, त्या बसल्या, आणि सगळ्या ट्रायल, फसलेली आणि बसलेल्या, कारणासकट अर्जाला जोडून पाठवल्या. बायको म्हणाली फसलेली कशाला पाठवतोस, मी म्हटलं विचारलंय तर सांगूया. 2013 च्या वसंतात मान्यतेचं पत्र आलं, त्या दिवशी पुरणपोळी केली होती एवढं आठवतंय. तो हँडलर अजून आमचाच आहे.

त्यानंतरची कामं सगळी एकाच दिशेची, सरासरी बदाम आम्हाला नकोच असतो, आम्हाला सगळ्यात नशीबवान जंतू कुठे बसलाय तो पाहिजे. भाजायच्या ड्रममध्ये लाल खायच्या रंगात रंगवलेले बदाम टाकतो आणि दुसऱ्या टोकाला घड्याळ घेऊन उभं राहतो, पहिला लाल दाणा किती सेकंदात बाहेर पडतो ते बघायला, कारण मालक सांगतो तो वेळ सरासरी असतो आणि काही दाणे पळतच येतात. पट्ट्याच्या कडा, कोपरे, वाफ पोचत नाही अशी जागा, सगळीकडे डेटा लॉगर, म्हणजे टेंपरेचर नोंदवत राहणारं छोटं यंत्र. ट्रायल शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायचा आमचा आग्रह, गोडाऊनमधला माल तेव्हा गारठलेला असतो, उन्हाळ्यात पास झालेलं मशिन त्या मालाला कमी पडू शकतं. तेलात भाजणाऱ्यांचं त्या मानाने सोपं, तेल 126.7 डिग्री सेल्सियसला आणि दाणा 2 मिनिटं आत म्हणजे 5 लॉग हे आधीच ठरलेलं आहे, आपण फक्त तेवढं टेंपरेचर आणि तेवढा वेळ प्रत्येक दाण्याला मिळतोय का बघायचं. त्वचा काढायला गरम पाण्यातून काढतात त्याचंही तसंच, 88 डिग्री, 2 मिनिटं. डोकेदुखी ती कोरडं भाजणं आणि वाफ यांची, तिथे प्रत्येक मशिन म्हणजे नवीन लग्न.

जंतू मारायला पीपीओ (प्रॉपिलीन ऑक्साइड) नावाचा गॅसही वापरतात, पण युरोपात तो चालत नाही, ऑरगॅनिकवाल्यांना चालत नाही, म्हणून वाफेच्या लाइनी वाढत गेल्या आणि आमचं पोट त्यावर चाललं. अमेरिकेच्या 2011 च्या अन्नसुरक्षा कायद्याचे नियम 2015 ला आले तेव्हा पिस्तेवाले, अक्रोडवालेही यायला लागले, त्यांना बदामासारखा वेगळा सक्तीचा नियम नाही पण तुमची प्रक्रिया काम करते हे दाखवा असं त्यांनाही विचारलं जातं. आज आम्ही दोघं धरून पाच माणसं आहोत, लॅब स्वतःची आहे, कर्ज अजून आहे.

गेलेलं एक गिऱ्हाईकही सांगतो. तीन ट्रायलपैकी एक नापास, म्हणाला दोनच पाठवा, तिसरीत लॉगर बिघडला होता असं लिहा. लॉगर बिघडला नव्हता. त्या वर्षी आमचं जवळपास चौथा हिस्सा काम त्याच्याकडून येणार होतं, ते गेलं, बायकोने त्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकवायचे तास घेतले. आपण फार शूर वगैरे नव्हतो, खरं कारण त्या 7 लॉगच्या कागदाचं, तो आठवला की अजून पोटात गोळा येतो.

आई फोनवर विचारते, मग मी सकाळी भिजवून खाते ते बदाम कसले? आता काय सांगणार. उत्तर अमेरिकेच्या बाहेर जाणाऱ्या मालाला ही सक्ती नाही, आणि भारत तर कॅलिफोर्निया बदामाचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक, तिकडे बराचसा माल टरफलासकट जातो आणि फोडला तिथेच जातो. तिला एवढंच सांगितलं की भिजवलेलं पाणी फेकून दे, बदाम रात्रभर बाहेर ठेवू नको, फ्रिजमध्ये भिजव. ती म्हणाली फ्रिजमध्ये भिजवलेला बदाम सोलत नाही.

हे लिहितोय तोवर एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. पट्ट्याची मोटर जळाली, नवीन बसवली, जरा जास्त पॉवरची आहे, वेग थोडासाच वाढलाय, काही करायला लागणार नाही ना? लागणार. वेळ, टेंपरेचर किंवा मालाचं प्रमाण बदलेल असा फेरफार झाला की मशिन पुन्हा तपासायचं, हे नियमातच आहे. तो म्हणतो अरे पण नवीन हंगामाचा माल सोमवारी येतोय. मी म्हटलं मग सोमवारी जुन्या वेगावर चालव, मी तोवर बदाम वाळत घालतो, गुरुवारच्या आत काही तुझ्याकडे येत नाही.