‘कमीत कमी’नं अडवलेले आठ दिवस

शाळा सुटून अठरा वर्षं झाल्यावर मी १७ नंबरचा (कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा) फॉर्म भरला आणि बारावी कॉमर्सला गणित घेऊन बसले. फॉर्म, फी, पुस्तकं सगळं विनात्रास झालं. आलेखही लवकर जमले. अडले ते रेषीय प्रोग्रामनमध्ये (लिनिअर प्रोग्रामिंग, म्हणजे वेळ-पैशाच्या मर्यादा चिन्हांत मांडून त्यात बसणारं सगळ्यात चांगलं उत्तर काढायचं), आणि तिथेही आकडेमोडीत नाही, तर शाब्दिक उदाहरण वाचून असमानता मांडताना.

मी ज्या क्लासला जायचे तिथे पहिल्याच दिवशी एक तक्ता उतरवून दिला होता. ‘कमी’ दिसलं की <, ‘जास्त’ दिसलं की >. मी तो पाठ केला आणि पुढचे आठ दिवस माझं एकही उदाहरण सरळ सुटलं नाही. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, ‘ताई, तक्ता नीट पाठ करा.’ मला आजही त्याचा राग येतो, कारण चूक तक्त्यातच होती. आपण ‘कमीत कमी दहा’ म्हणतो तेव्हा दहा किंवा त्याहून जास्त हवे असतात. ‘कमी’ दोनदा येतं आणि चिन्ह मात्र ≥ लागतं. ‘जास्तीत जास्त’ला ≤. नुसतं ‘कमी’ की ‘जास्त’ एवढंच बघणारा तक्ता हे सांगणार नाही.

गाठ सुटली ती ओट्याशी. मी नागपूरच्या नंदनवन भागात डबे करते. मेडिकल चौकाकडच्या मुलींच्या होस्टेलला रोज कमीत कमी दहा फुल डबे लागतात. फुल डब्याला शेगडीवर १२ मिनिटं, हाफला ८, आणि सकाळी माझ्याकडे चार तास. फुल डबे क्ष, हाफ य. १२क्ष + ८य ≤ २४० हे बरोबर आलं (तासांची मिनिटं आधी करून घ्या, नाहीतर उजवीकडे नुसते ४ राहतात). त्याखाली मी लिहिलं, क्ष ≤ १०. पोळ्या लाटता लाटता लेकीनं वहीत डोकावून विचारलं, ‘आई, मग उद्या तीनच डबे नेऊ का? तीन दहापेक्षा लहानच आहे ना.’ माझा हात थांबला. तीन डबे नेले तर सात मुली उपाशी राहतील. मी खोडून क्ष ≥ १० लिहिलं.

तेव्हापासून मी शब्दाकडे बघून चिन्ह लिहीत नाही. एक आकडा घालते आणि विचारते, हा चालेल का? मग काठावरचा आकडा घालते. दहा चालतात, म्हणून चिन्हाखाली रेघ. < आणि > ही चिन्हं इंग्रज गणिती थॉमस हॅरियटच्या १६३१ साली छापलेल्या पुस्तकात आली, त्यांच्याखाली रेघा जोडल्या त्या फ्रेंच गणिती पिएर बूगेरनं १७३४ मध्ये. काठासाठी वेगळी खूण आणावी लागली, इतकं त्या काठाला महत्त्व आहे.

क्ष ≥ ० आणि य ≥ ० लिहायला विसरू नका, माझा सराव परीक्षेत त्यावर गुण गेला. ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं, हेही.

आणि उत्तर अपूर्णांकात आलं तर डोळे मिटून जवळचा पूर्णांक घेऊ नका. कॉटन मार्केटला ५०० रुपये घेऊन गेले, ऑटोला ६० लागले, कोबीचा गड्डा ३० ला. ६० + ३०क्ष ≤ ५००, म्हणजे क्ष ≤ १४.६६… . गड्डे १४च येतात, पंधराव्याला पैसे पुरत नाहीत. पण ४० मुलींना न्यायला तीन-तीन जणींचे ऑटो लागत असतील, तर ३क्ष ≥ ४० मधून १३.३३… येतं आणि ऑटो १४ करावे लागतात. तेरा केले तर एक मुलगी रस्त्यावर उभी.

पेपरात ‘किमान’ आलं होतं. मी समासात छोटा ३ लिहिला, घालून पाहिला, आणि मगच ≥ काढलं.

एक शब्द अजून अडवतो, ‘पाचशेच्या आत’. गिऱ्हाईक असं म्हणालं की मी विचारूनच घेते, ‘पूर्ण पाचशे झाले तर चालतील ना?’