मांजर गादीवर शू करतं तेव्हा

मांजर सूड म्हणून गादीवर शू करतं, हे मला अजिबात पटत नाही. आमचा बोका लिटर बॉक्समध्ये (शी-शूसाठी वाळूसारखे दाणे, म्हणजे लिटर, भरलेल्या डब्यात) सारखा जाऊन बसायचा, जोर करायचा, कण्हायचा आणि दोन-चार थेंब करून बाहेर यायचा. मूत्राशयाला सूज आली होती बिचाऱ्याच्या. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, बाकीचं नंतर.

औषधांसोबत आम्ही बॉक्स वॉशिंग मशीनजवळून शांत कोपऱ्यात हलवला, सुगंधी लिटर बंद केलं. लिटरमधल्या शूच्या गुठळ्या रोज काढायच्याच. दोन मांजरं असतील तर बॉक्स तीन हवेत. आणि कृपा करून फिनेलने पुसू नका, मांजरांना ते विषारी असतं. एन्झाइमवालं क्लीनर आणा. वास राहिला की मांजर पुन्हा तिथेच जातं.