लेथवरची ट्यूबलाइट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या लहानशा वर्कशॉपमध्ये चार फुटी सहा ट्यूबलाइट होत्या आणि त्या सगळ्या तांब्याच्या चोकवर (ट्यूबमधील वीजप्रवाह आवरणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) चालत. त्यांपैकी एखादी लागेनाशी झाली की नवी ट्यूब आणायला धावायचे नाही, आधी दोष कोठे आहे ते पाहायचे, असा वडिलांचा दंडक होता. तो मी आजही पाळतो, कारण बंद पडलेल्या पट्टीत ट्यूब निर्दोष आणि बिघाड भलतीकडेच, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ट्यूबची दोन्ही टोके लालसर तापलेली दिसतात आणि मधला भाग काळोखा राहतो, तेव्हा बहुधा स्टार्टरमधील पत्ती चिकटलेली असते. तो थोडा फिरवून काढून घेतला आणि ट्यूब त्याच क्षणी लख्ख पेटली, तर दोषी स्टार्टरच. कारण त्याचे काम ट्यूब पेटवण्यापुरतेच असते आणि पेटल्यानंतर वीज त्याच्यातून जात नाही. ट्यूब सारखी लुकलुकत असेल आणि टोकांना रुंद काळे पट्टे आले असतील, तर फिलामेंटवरचा लेप संपलेला असतो आणि ट्यूब बदलण्यावाचून गत्यंतर नसते. काहीच हालचाल नसेल तर ट्यूब होल्डरमध्ये पाव फेरा पुढेमागे फिरवून पाहावी, कारण आमच्याकडे हवेत तेलाचे बारीक तुषार असल्याने पिनांवर चिकट थर बसतो. चोकची शंका असल्यास तो शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बबरोबर सिरीजमध्ये जोडावा: बल्ब मंद पेटला तर चोक चांगला, पूर्ण तेजाने पेटला तर आतून शॉर्ट, अजिबात पेटला नाही तर तार तुटलेली. हे करताना उघड्या टोकांना हात लावायचा नाही. पट्टी उघडण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असण्याची शक्यता असते, म्हणून मेन बंद करून टेस्टर लावून पाहावा.

या वर्षी मात्र मी सहाही पट्ट्या एलईडीवर नेल्या. ४० वॅटची जुनी जाड ट्यूब चोकसह पन्नास वॅटच्या पुढे वीज घेई, तिथे आता २० वॅटवर काम भागते. शिवाय पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी झालेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातील देशांनी २०२३ साली या लांब ट्यूबांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले आहे. परंतु माझ्या दृष्टीने खरे कारण लेथ हे होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते व मंदावते. लेथवर काम पकडून फिरवणारा तीन जबड्यांचा चक मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरत असला, की त्या प्रकाशात सहा जबड्यांची पुसट आकृती जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. फिरते यंत्र थांबले आहे असे वाटणे किती घातक आहे, हे लेथवर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. वडील म्हणूनच लेथच्या डोक्यावर साधा पिवळा बल्बही लावत.

एलईडी घेतल्याने हा धोका आपोआप जातो असे नाही. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे आतले सर्किट, स्वस्तातले असेल तर तिचा प्रकाशही तसाच थरथरतो. मी दुकानातच दिव्यासमोर पेन्सिल झपाट्याने हलवून पाहिली. एका नगाखाली तिच्या वेगवेगळ्या कांड्या दिसल्या, दुसऱ्याखाली सलग धूसर पट्टा दिसला. दुसरा घेतला.

जोडणीत माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगणे आवश्यक आहे. एलईडी ट्यूबला फेज व न्यूट्रल काहींत एकाच टोकाला, तर काहींत दोन टोकांना द्यावे लागतात. माझ्या ट्यूब पहिल्या प्रकारच्या होत्या, म्हणून चोक व स्टार्टर काढून मी थेट वायर दिल्या. पण पट्टीवर तसे लिहून ठेवले नाही. पंधरा दिवसांनी कामगाराने त्या पट्टीत शिल्लक राहिलेली जुनी ट्यूब बसवली. पूर्ण २३० व्होल्ट एका फिलामेंटवर आले, ते जळाले आणि एमसीबी पडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आता प्रत्येक पट्टीवर ‘फक्त एलईडी, वीज डाव्या टोकाला’ असे ठळक अक्षरांत चिकटवले आहे.

उतरवलेल्या ट्यूबांत थोडा का होईना पारा असतो, म्हणून त्या फोडून कचऱ्यात टाकू नयेत. उतरवताना एक फुटलीच. तेव्हा पंखा बंद करून दारे-खिडक्या उघडल्या, पंधरा मिनिटे सर्वांना बाहेर थांबवले आणि नंतर झाडू न लावता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बारीक भुकटी ओल्या कागदाने टिपली. उरलेल्या पाच ट्यूब नव्या ट्यूबांच्या खोक्यांत घालून ई-कचरा गोळा करणाऱ्यांसाठी माळ्यावर आडव्या ठेवल्या आहेत. सहा चोकांपैकी चार मोडीत गेले. उरलेले दोन मी सिरीज बल्बवर तपासून, तारीख लिहून, घरातील माजघराच्या जुन्या पट्टीसाठी राखून ठेवले आहेत.