लेकीच्या मॅचला मी का येत नाही

2025च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा वर्ल्ड कप झाला, प्रियांका इंगळेच्या आपल्या भारताच्या मुलींच्या टीमने फायनलला नेपाळला 78-40 असं लोळवलं, आणि तेव्हापासून जो तो मला विचारतोय, अहो तुम्ही स्वतः शाळेत खेळायचात ना, मग लेकीच्या मॅचला कधीच कशा दिसत नाही? कामं असतात, हे सांगून कंटाळले. तर ऐका.

14 वर्षांखालच्या मुलींची सेमीफायनल. आमच्या पोरी आक्रमणाला, शेवटचा मिनिट, बरोबरीला एक गडी हवा. लेक पळतीये, तेवढ्यात समोरची रनर मधूनच पलीकडे घुसली. पळणाऱ्या आक्रमकाला मधून जाता येत नाही, पण चौकात बसलेल्या पोरीचं तोंड नेमकं त्याच बाजूला होतं, पाठीला हात लावून खो दिला की संपलं. आणि आमची बया खांबावरून वळसा घालायच्या नादात! मला राहवेना, लायनीला चिकटून पोटातून ओरडले, "खोऽऽ दे की!" 'दे की' कुणाला ऐकूच गेलं नाही. बसलेली ताडकन उठली. पाठीला हात लागलाच नव्हता. शिट्टी, फाऊल, फिरा उलट दिशेला, तोवर रनर पार दुसऱ्या खांबाला आणि वेळ संपली. पंचांनी सगळ्यांसमोर विचारलं, "खो कुणी दिला?" तर आमच्या नऊच्या नऊ पोरी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातली एक माझीच.

आता मला सांगा, नियमात हात पण लागतो आणि शब्द पण, नुसत्या आवाजावर उठायचंच नसतं. हेच पंचांना सांगायला मी निघाले होते, लेकीने ओढणी धरून मागे खेचलं. माझं आजही तेच म्हणणं आहे. म्हणजे, ती पोरगी सहावीतली, घाबरलेली, मागून खो ऐकला तर उठणारच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही ते सोडा. आणि माझा आवाज डिट्टो लेकीसारखा, फोनवर तिच्या मैत्रिणी पण फसतात, त्याला मी काय करू? बाकीचे पालक काय कमी ओरडतात? पण त्यांच्या ओरडण्याने कुणी उठत नाही, हेही आहेच.

लेक आता म्हणते ये, पण पलीकडच्या पत्र्याच्या शेडखाली बस. तिथून काय डोंबल दिसतं?