बत्तीसची फोर्ड आणि तिचा ताप

तापणाऱ्या गाडीचा मालक आमच्या गॅरेजात येईपर्यंत त्याचा रेडिएटर बदलून झालेला असतो. या आजोबांचे तीन झाले होते. एक गाडीवर, उरलेले दोन सोबत आलेल्या नातवाच्या पिकअपच्या हौद्यात, पुरावा म्हणून.

मी पोमोनात काम करतो, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. हॉट रॉडवाल्यांचं हे पंढरपूरच म्हणा. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर इथल्या फेअरप्लेक्स मैदानात ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो आणि त्याआधी महिनाभर आम्हाला जेवायला फुरसत नसते. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घ्यायची, मडगार्ड वगैरे उतरवून हलकी करायची आणि इंजिनाची ताकद वाढवायची. दुसऱ्या महायुद्धाआधीपासून इथली पोरं असल्या गाड्या मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर नेऊन पळवायची. 1937 मध्ये त्यांनी रीतसर संघटनाही काढली. या सगळ्या जमातीत मान 1932च्या फोर्डचा, कारण सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं व्ही-8 इंजिन फोर्डने त्या वर्षी दिलं. 221 क्यूबिक इंच, 65 हॉर्सपॉवर.

आजोबांची गाडी बत्तीसचीच, दोन सीटची, उघडी. इंजिन मात्र नंतरचं, 1950च्या सुमाराचं 239 क्यूबिक इंचाचं फ्लॅटहेड. ते बसवल्यावर पुढे जागा उरली नाही, म्हणून पट्ट्यावरचा पंखा काढून एका गॅरेजवाल्याने रेडिएटरच्या मागे चपटा इलेक्ट्रिक पंखा लावून दिला होता. तेव्हापासून गाडी तापत होती. हायवेला ठीक, गावात शिरली की काटा वर.

फ्लॅटहेडची गोष्टच अशी की ती तापते म्हटल्यावर कुणी पुढे विचार करत नाही. या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि जळालेला गॅस सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या जॅकेटातून वाट काढत बाहेर पडतो. म्हणजे एक्झॉस्टची आच आधी पाण्याला. दोन हेडना दोन होज, दोन थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की उघडणाऱ्या झडपा), दोन वॉटर पंप. त्यामुळे ‘फ्लॅटहेड आहे, तापणारच’ हे आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. फोर्डने 1932 ते 1953 ही इंजिनं विकली, ती काय सगळी रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभी होती?

आजोबांना प्रत्येकाने वेगळं औषध दिलं होतं. एकाने थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितले, दुसऱ्याने जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर घालायला लावला. आजोबांना तो दिसायला आवडला नाही, म्हणून पितळी परत आला. तिसरा म्हणाला, रेडिएटरला 16 पाउंड प्रेशरचं झाकण लावा. प्रेशरच्या प्रत्येक पाउंडाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण तीन अंश फॅरनहाइटने चढतो, हे खरं. पण जुन्या धाटणीच्या पितळी टाकीला 16 पाउंड लावले तर सांधे उसवतील. नशिबाने आजोबांनी ते ऐकलं नव्हतं. झाकण 4 पाउंडांचंच होतं.

मी आधी नेहमीच्या गोष्टी उरकल्या. टायमिंग बरोबर. हेड गॅस्केटची निळ्या द्रावाची चाचणी घेतली, रंग पिवळा पडला नाही, म्हणजे गॅस्केट शाबूत. थर्मोस्टॅट 180 अंश फॅरनहाइटचे, गरम पाण्यात टाकून पाहिले, दोन्ही उघडले. पंखा चालू केला तर छान घूं करत फिरत होता. आमचा मेक्सिकन मिस्त्री खांद्यावरून डोकावून म्हणाला, “पंखा तर मस्त चाललाय.” मलाही तसंच दिसलं.

मग आजोबांना शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. सप्टेंबरची दुपार, पारा शंभराच्या आसपास, म्हणजे आपले 38. दहा नंबरच्या फ्रीवेवर साठ मैलांच्या वेगाला काटा 190वर गप्प बसलेला. तिथून फुटहिल बुलेवार्डला वळलो. हा जुना रूट 66, आता नुसते सिग्नल. काटा 200, 205, 210. विचित्र म्हणजे सिग्नलला उभं राहिल्यावर तो सावकाश चढायचा आणि वीस-पंचवीसच्या वेगाने सरकायला लागलो की भराभर. उलट व्हायला हवं. गाडी चालू लागली की समोरून थोडा तरी वारा मिळतो.

डॅशबोर्डखाली पंख्याचं बटण होतं, हाताने चालू-बंद करायचं. 215 झाल्यावर मी ते बंद केलं.

“अहो, काय करताय!” आजोबा ओरडलेच.

“जरा काट्याकडे बघा.”

दोन चौक गेले. वेग तोच, ऊन तेच. काटा 215वरून 210वर आला, मग 205वर. आजोबा एकदा काट्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. पंखा बंद केल्यावर इंजिन थंड होतं म्हणजे काय, हे त्यांना कळेना. मला मात्र कळायला लागलं होतं.

एका टायरच्या दुकानासमोर गाडी घेतली, इंजिन चालूच ठेवलं, पंखा लावला आणि पुढच्या जाळीसमोर हात धरला. गरम हवा अंगावर आली. खिशातली पावती काढून जाळीला टेकवली. हा पंखा मागून ओढणारा, म्हणजे कागद जाळीला चिकटून राहायला हवा. तो उडून माझ्या छातीवर आला. पंखा उलटा फिरत होता. इंजिनाजवळची तापलेली हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. उभ्या गाडीत निदान ती हवा तरी हलायची. गाडी हळू चालली की समोरचा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांना अडवून बसायचे आणि रेडिएटरमध्ये हवा जागच्या जागी. फ्रीवेवर समोरचा वारा इतका जोरात की पंख्याचं काही चालायचं नाही.

आता उलटा का? परत येऊन बॅटरी पाहिली आणि हसू आलं. 1955पर्यंतच्या फोर्ड गाड्या सहा व्होल्टच्या आणि त्यांत बॅटरीचं प्लस टोक चॅसिसला जोडलेलं, म्हणजे प्लस अर्थ. 1956पासून बारा व्होल्ट आणि मायनस अर्थ आलं. आजोबांनी सहा व्होल्ट जपून ठेवले होते. अल्टरनेटरसुद्धा जुन्या डायनॅमोच्या खोळीत बसवलेला, सहा व्होल्टचा, प्लस अर्थवालाच. पंखाही शोधून सहा व्होल्टचा आणला होता. पण ज्याने तो जोडला, त्याच्या हाताला बारा व्होल्टची सवय. काळी वायर चॅसिसला, रंगीत वायर बटणाला. इथे चॅसिस प्लस! या पंख्याची मोटर कायमच्या चुंबकाची असते, तिच्या वायरी उलट केल्या की ती निमूट उलटी फिरते. स्टार्टरचं तसं होत नाही. त्याच्यात चुंबकाच्या जागीही गुंडाळीच असते, दोन्हीकडचा प्रवाह एकदम उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणून जुन्या गाडीत बॅटरी उलटी लागली तरी स्टार्टर चुगली करत नाही.

पुण्यात शिकाऊ असताना आमच्या उस्तादांकडे जुनी मॉरिस यायची, तीही प्लस अर्थची. बॉनेट उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी ते विचारायचे, “अर्थ कुठला?” चुकलं तर पाना पाठीत बसायचा, हळूच, पण बसायचा.

मोटरच्या दोन्ही वायरी बॉडीपासून वेगळ्या आहेत ना, हे मीटरने तपासलं आणि त्यांची अदलाबदल केली. कागद जाळीला चिकटला. आजोबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग पिकअपच्या हौद्याकडे बोट करून म्हणाले, “आणि हे?”

काम तेवढ्यावर संपलं नाही. फुटहिलला पुन्हा नेली तर बरीच सुधारणा, पण लांब सिग्नलला काटा अजून 210कडे सरकत होता. पंखा सुलटा फिरत होता, पण त्याच्यात दम नव्हता. मीटर लावला. बॅटरीवर 7.1 व्होल्ट, पंख्याच्या टोकांवर 5.3. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खर्च. बारा व्होल्टच्या गाडीत एवढी गळती चालून जाते, सहाच्या गाडीत ती म्हणजे पाव पगार कापल्यासारखी. शिवाय त्याच ताकदीच्या मोटरला सहा व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, म्हणजे वायर जाड हवी. इथे बारीक वायर डॅशबोर्डच्या बटणापर्यंत जाऊन परत पुढे आलेली आणि अर्थचा स्क्रू चक्क रंगावर आवळलेला. ते सगळं काढलं. आठ गेजची वायर, सहा व्होल्टच्या कॉइलचा रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर जाड वायरीतला प्रवाह जोडणारा स्विच (बारा व्होल्टचा इथे धड ओढलाच नसता) आणि अर्थची वायर थेट बॅटरीपर्यंत. आता पंख्यावर 6.8 मिळाले आणि त्याचा आवाजच बदलला. बटणाच्या जोडीला 200ला चालू, 185ला बंद होणारा थर्मोस्विच टाकला. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या 180च्या वर ठेवावा लागतो, नाहीतर पंखा एकदा लागला की बंदच होत नाही.

खरी वादावादी झाली ती श्राउडवरून, म्हणजे पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या आवरणावरून. पंखा प्लास्टिकच्या पिनांनी थेट रेडिएटरच्या जाळीतून ओवून बांधलेला होता. तसा पंखा फक्त स्वतःच्या गोलापुरती हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात आणि पिना घासून कधीतरी नळीला भोक पडतं ते वेगळंच. मला पत्र्याचा श्राउड हवा होता, म्हणजे पूर्ण रेडिएटरमधून हवा येईल. आजोबांचं म्हणणं, बत्तीसच्या गाडीत पत्र्याचा खोका शोभत नाही. शेवटी मिस्त्रीने पातळ ॲल्युमिनियमचा, कडा वळवलेला श्राउड बनवला, जाळीपासून इंचभर लांब धरला आणि काळा रंगवला. बॉनेट लावल्यावर तो दिसत नाही. रेडिएटर आणि पुढच्या खोळीमधली फट मी फोमच्या पट्टीने बुजवली, कारण हवा सोपी वाट बघते, रेडिएटरला वळसा घालून पळते.

पुढच्या शनिवारी ऊन तसंच. फुटहिलवर पार क्लेअरमाँटपर्यंत सिग्नलमागून सिग्नल घेत गेलो. काटा 200ला टेकायचा, पंखा लागायचा, काटा 185 ते 190मध्ये उतरायचा. आजोबा सगळा वेळ काट्याकडे बघत होते, रस्ता बघायचं काम माझ्यावर. परतताना म्हणाले, आता प्लस अर्थची सूचना लाल अक्षरांत बॉनेटच्या आत लिहून टाका, पुढचा कोणी शहाणा यायच्या आत. लिहिली.

हौद्यातले दोन रेडिएटर ते आमच्याकडेच ठेवून गेलेत. ॲल्युमिनियमचा लगेच गेला. पितळी अजून आहे. बत्तीसच्या फोर्डला बसतो, गळत नाही, आणि मालक भाव कमी करायला तयार नाहीत.