आबांचं पोरगं आणि माझी बाग

जानेवारी 2025. द्राक्षाच्या घडात पाणी उतरलंय. साखर भरायला अजून महिना, तोवर पाखरं हाकलायची आणि दलालांचे फोन घ्यायचे एवढंच काम. म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो. विषय आमच्या आमदाराचा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना जांभई द्यायची असेल तर आत्ताच देऊन घ्या.

रोहित पाटील, तासगाव-कवठेमहांकाळ. वय 25, म्हणजे आमदारकीला उभं राहायला घटनेनं जे कमीत कमी वय सांगितलंय, तेवढंच. 2024 च्या नोव्हेंबरात निवडून आलेल्या 288 जणांत सगळ्यात लहान. समोर दोन वेळा खासदार राहिलेले संजयकाका पाटील असताना 27 हजारांवर मतांनी आले. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण आता ‘रोहितदादा’ म्हणावं लागतं. बाहेरच्यांना एवढं माहीत असतं आणि शेवटी एक शेपूट जोडलेलं असतं: आर. आर. पाटलांचा, म्हणजे आमच्या आबांचा मुलगा.

आमच्याकडं ते शेपूट आधी येतं. कित्येकदा नाव येतच नाही. “आबांचं पोरगं आलं हुतं का मयतीला?” एवढंच विचारतात.

मला हे कुठं लागतं ते सांगतो. मी 25 वर्षांचा असताना, 2012 साली, माझे वडील, अण्णा, गेले. तीन एकर बाग, सोसायटीचं कर्ज आणि एका दलालाकडं अडकलेले दोन हंगामांचे पैसे असं सगळं एकदम माझ्या गळ्यात आलं. दलालाचा फोन तेव्हाही लागत नव्हता, अजूनही लागत नाही. सांत्वनाला येणारे आधी “तुझा बाप देवमाणूस होता” म्हणायचे आणि उठताना हळूच किती द्यायचं राहिलंय ते सांगायचे. पहिल्या वर्षी ऑक्टोबर छाटणी दहा दिवस उशिरा घेतली, तर बांधावरून आवाज आलाच: “अण्णा असते तर असं झालं नसतं.” अजून येतो. बाग चांगली आली की बापाची पुण्याई आणि दावण्या रोग पडला की माझा शहाणपणा.

माझ्या बापाला चार गावं ओळखत होती. त्या पोराचा बाप तर ग्रामविकास मंत्री, गृहमंत्री, उपमुख्यमंत्री. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आबांनी सुरू केलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. मास्तरांनी आख्ख्या वर्गाच्या हातात खराटे दिले आणि आम्ही वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत गाव झाडून काढलं होतं. आबांच्याच तंटामुक्ती मोहिमेच्या वेळी आमचा नि चुलत्यांचा बांधाचा वाद मिटला. म्हणजे कागदावर मिटला. चुलती अजून आमच्या दारावरनं जाताना तोंड फिरवते.

16 फेब्रुवारी 2015 ला आबा कर्करोगानं गेले. ऐन काढणी. भरलेली क्रेटं सावलीला ओढली, मजुरांना घरी लावलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं गाडीवर आबांच्या गावाला, अंजनीला गेलो. गर्दीत पुढचं काही दिसलं नाही. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा आहे एवढंच कानावर आलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आता या पोराला लोक दोन गोष्टी सांगायला येणार.

पोटनिवडणुकीला आबांच्या पत्नी सुमनताई उभ्या राहिल्या, निवडून आल्या, 2019 लाही आल्या. घराच्या उंबऱ्याबाहेर फारशा न दिसलेल्या बाई दहा वर्षं आमदार राहिल्या, यावर कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. सावळज भागाच्या टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी ऑक्टोबर 2023 मध्ये त्या सांगलीत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसल्या, बरोबर रोहितही. 2024 ला मतदानयंत्रावर रोहितचं नाव होतं ‘रोहित सुमन आर. आर. आबा पाटील’. आई, बाप, दोघंही नावातच. नावसाधर्म्याचे दुसरे उमेदवारही रिंगणात होते, त्यामुळं ते लांबलचक नाव कामालाच आलं म्हणा.

पण स्वतःचं म्हणावं असं त्यानं काही केलं असेल तर ते जानेवारी 2022 मध्ये, कवठेमहांकाळला. बाहेरच्यांना याचं वजन कळत नाही. 2009 पासून तासगाव आणि कवठेमहांकाळ हे दोन तालुके एका मतदारसंघात बांधले गेले. अंजनी आमच्या तासगाव तालुक्यातली. कवठ्यात घोरपडे सरकारांचा जुना जम. तिथं जाऊन, समोर बाकीचे सगळे एक झालेले असताना, या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं नगरपंचायतीच्या 17 पैकी 10 जागा काढल्या. आमदारकीला उभं राहायचं वयही झालेलं नव्हतं. निकालानंतर लोकांना माझा बाप आठवल्याशिवाय राहणार नाही, असं तो प्रचारात बोलला होता आणि ते राज्यभर गाजलं. मला मात्र थोडं वाईट वाटलं. जिंकणार होता तो, आणि आठवायचं कुणाला, तर बापाला.

2024 च्या नोव्हेंबरातही तेच झालं. बाग फुलोऱ्यात होती, दिवसाआड फवारणीचा ब्लोअर चालू, त्यामुळं एकाही सभेला गेलो नाही. तरी ऑक्टोबरच्या शेवटी तासगावच्या सभेत अजित पवार जे बोलले ते बागेत पोचलंच. सिंचनाच्या 70 हजार कोटींच्या आरोपात आपल्या उघड चौकशीच्या फाइलवर गृहमंत्री असताना आबांनी सही केली, केसानं गळा कापला, असं. साडेनऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल. चहाच्या टपरीवर संजयकाका गटाची माणसंही गप्प होती. सहीचं खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. पण त्या दिवसापासून ही निवडणूक पोराची राहिली नाही, परत आबांची झाली. मतं वाढली असतील. स्वतःच्या जोरावर जिंकलो असं म्हणायची सोय मात्र गेली.

शेजारच्या तात्यांना हे माझं सगळं मान्य नाही. ते मला म्हणाले, “बाप झाला, आई झाली, आता पोरगं. 1990 पासनं मधला दमच न्हाई. तुझी बाग सातबाऱ्यावर हाय म्हणून तुला मिळाली. मतदारसंघाचा सातबारा कुणी काढून दिला रं त्येंच्या नावावर?” यावर माझ्याकडं उत्तर नाही. मत मी त्यालाच दिलं, हे तात्यांना सांगितलेलं नाही. वाचून कळेल, नातू दाखवतोच त्यांना सगळं.

मुंबईत गेल्यावर काय? महायुतीचे एकट्या तीन मोठ्या पक्षांचेच 230, आणि याच्या पक्षाचे, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे, 10. त्या दहांचा मुख्य प्रतोद याला केलाय. म्हणजे वाळव्याचे जयंत पाटील, जे आबांबरोबरच 1990 ला पहिल्यांदा विधानसभेत गेले, त्यांनाही व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, हेच पोरगं बजावणार. हे वाचून मी एकटाच हसलो. डिसेंबरात विधानसभा अध्यक्षांच्या अभिनंदनाचं भाषण केलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही तरुण अध्यक्ष, मी तरुण सदस्य, तेव्हा लक्ष असू द्या, अशा थाटाचं. न अडखळता बोलला. आमच्या द्राक्ष गटावर लगेच मेसेज: “डिट्टो आबा!” मला ते नीट ऐकायचं होतं म्हणून डोळे मिटून परत लावलं. आवाज वेगळा आहे. आबा शब्द सोडताना थांबायचे, हा थांबत नाही. पण हे गटावर लिहिलं असतं तर मला काढून टाकलं असतं.

विरोधात बसून टेंभूचं पाणी, बेदाण्याचा दर यातलं काय हाती लागेल हे बघायचं. इथं त्याचे निम्मे दिवस लग्नं, मयती नि वास्तुशांतीतच जाणार. तिथंही लोक त्याचा चेहरा न्याहाळत बसणार, नाक कुणावर गेलंय म्हणून.

येत्या 16 फेब्रुवारीला आबांना जाऊन दहा वर्षं होतात. अंजनीला जायचंय, पण नव्या दलालानं काढणीची तारीख 17 दिलीय, आदल्या दिवशी टोळी येणार. त्याला सांगून ठेवलंय, निम्मे पैसे खात्यावर आल्याशिवाय बागेत कात्री लागायची नाही. हे काही मी अण्णांकडून शिकलो नाही.